एकतीस माणसांचा एक खोकला

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. खरोखर आडवा झालो तर उबळ येते आणि नमस्कार अर्धवट राहतो.) तुमचा गुडघा आता कसा आहे? भाची आणि जावई खुशाल असतील. ताईची तब्येत विचारत नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी ठीक आहे, म्हणजे खरं तर नाही. सकाळपासून हे पत्र चार वेळा लिहायला घेतलं आणि चार वेळा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा दुकानाचं दार नीट लागलंय का बघायला (लागलं होतं), एकदा उगाच, आणि चौथ्यांदा का उठलो ते उभं राहिल्यावर विसरलो. अशी आडवळणं घेत बसलो तर मंगळवार उजाडेल, तेव्हा सांगूनच टाकतो. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुमच्या दगडाच्या भुकटीच्या कारखान्यावर तपासणी येणार आहे, ती आमच्या गल्लीच्या तक्रारीवरून येणार आहे, आणि त्या तक्रारीत तुमच्या या सख्ख्या मेहुण्याचा हात कोपरापर्यंत आहे. समोर येऊन सांगितलं असतं, पण तुम्ही दारातच 'या खोकलेराव' म्हणता, सगळे हसतात आणि माझं बोलणं राहूनच जातं. पत्र फाडू नका. पुढे थोडी गंमतही आहे.

माझा खोकला तुम्हाला नवा नाही. चार वर्षांपूर्वी तुम्हीच मला निळ्या पुठ्ठ्याची वही भेट दिलीत आणि भर पंगतीत म्हणालात की आता रोजच्या रोज नोंद ठेवत जा. घरभर हशा पिकला. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. चेष्टा मला कळते, पण हातात कोरी वही आणि समोर भिंतीवर बावीस घड्याळं असली की राहवत नाही. तेव्हापासून प्रत्येक उबळ मी तास-मिनिटासकट लिहीत आलो आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या खोकल्याचा अभिमान होता. शिक्षण बेताचं, उंची बेताची, दुकान बेताचं. पण असा कोरडा, खणखणीत, वेळेचा पक्का खोकला पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडे नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

ती समजूत डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात धुळीला मिळाली. डॉक्टरीणबाई सोमवारी पाचची वेळ देतात आणि सहाला येतात. (हे घड्याळजी म्हणून सांगतो आहे, तक्रार म्हणून नाही.) बाहेरच्या खोलीत नऊ खुर्च्या आणि एक पंखा आहे, जो डावीकडे वळला की परत यायला फार वेळ लावतो. दाराजवळच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. नवा माणूस नेमका तिच्यावर बसतो आणि कलंडतो. त्याला आधी कोणी सांगत नाही, हा तिथला शिरस्ता. तर तासभर माणसं करणार काय? आपापली दुखणी सांगणार. मी ऐटीत माझं सुरू केलं: सकाळी दहाला चढतो, एकला उतरतो, दोनला पुन्हा चढतो. तोच शिंपीणबाई म्हणाली, "अहो, हा तर माझा खोकला!" पोस्टमन म्हणाला, त्याचाही हाच. गणिताच्या निवृत्त बाई कोपऱ्यातून मान वर न करता म्हणाल्या की त्यांचाही. दाजी, माझाच कोट घालून तिघं समोर बसल्यासारखं मला झालं. घरी आलो आणि रागाने जेवलो नाही. पुढच्या सोमवारी वही काखेत मारून गेलो, हा खोकला आधी माझ्याकडे होता हे सिद्ध करायला.

वही नेली तिथेच सगळं बिघडलं. (तुमच्या बाजूने बिघडलं, गल्लीच्या बाजूने सुधारलं. मी कुठल्या बाजूला बसलो आहे तेच मला कळत नाही, म्हणून तर सारखा उठतो.) गणिताच्या बाईंनी ती जवळजवळ हिसकावून घेतली आणि पेन्सिल घेऊन खुणा करत सुटल्या. सुट्टीच्या वारी एकही नोंद नाही. दुपारी एक ते दोन नोंद नाही. आणि मागच्या वर्षी सलग नऊ दिवस पानं कोरी. वही हरवली होती का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, भाचीचं लग्न होतं. तुम्हाला आठवत असेल, मी त्या लग्नात एकदाही खोकलो नव्हतो, आणि आनंदाने माणूस कसा बरा होतो यावर तुम्ही व्याह्यांना छोटंसं भाषण दिलं होतं. त्यावर शिंपीणबाई म्हणाली की त्या नऊ दिवसांत तिलाही बरं वाटत होतं, आणि ती तर लग्नात नव्हती. (बोलावणंच नव्हतं. हे तिने दोनदा सांगितलं.) मग पोस्टमनने विचारलं, त्या दिवसांत गल्लीत आणखी काय बंद होतं? पंखा डावीकडे गेला आणि परत आला. शेवटी मीच बोललो: दाजींचा कारखाना. जीभ आवरायला हवी होती असं मला दिवसातून चारदा वाटतं, आणि बोललो ते बरं झालं असंही चारदा वाटतं.

त्या संध्याकाळी शिंपीणबाईने फोनवर ग्रुप काढला, नाव 'आपला खोकला', आणि मला न विचारता त्यात घातलं. मला वाटलं, चार दिवस सुप्रभात आणि फुलांची चित्रं येतील आणि पांगतील सगळे. फुलं आलीच, पण ज्याने पाठवली त्याला गणिताच्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं की फुलं राहू द्या, आज किती वेळा खोकलात? पोस्टमनला गल्लीतला उंबरठा न् उंबरठा माहीत, त्याने पत्रं टाकता टाकता घरोघर विचारलं आणि नकाशावर टिंबं दिली. तुमच्या कारखान्याजवळ टिंबांची इतकी दाटी झाली की त्याला दुसरा कागद जोडावा लागला. बेकरीवाला आणि मी पाच वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. त्याच्या घड्याळात पांढरी पूड निघाली आणि हातात घड्याळ घालून कणीक मळतोस म्हणून मी त्याला फैलावर घेतलं होतं. तीच पूड मग गल्लीतल्या प्रत्येक घड्याळात सापडली. मी बेकरीत जाऊन त्याची माफी मागितली, आणि आता तो मला रोज खोकल्याची वेळ कळवतो. महिन्याभरात एकतीस माणसं झाली. दाजी, इतकी वर्षं हे सगळे दारं लावून आपापले एकटे खोकत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की खोट आपल्याच छातीत आहे. हे कळलं तेव्हा मला रडू आलं, उगाच कशाला लपवू?

मग आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्यांचं प्रदूषण तपासणाऱ्या कचेरीत गेलो, एकतीसच्या एकतीस, साहेबांना खोकला ऐकवायला. तिथे झाडं, शेजारी तळं, आणि हवा अशी की अडीच तासांत एकही माणूस खोकला नाही. साहेब बाहेर येऊन म्हणाले की तुम्ही तर सगळे ठणठणीत दिसता. माझा धीर सुटला आणि मी एक खोटा खोकला काढला. गणिताच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की उरलेला अर्धा मी गिळला. मग त्या साहेबांना शांतपणे म्हणाल्या, "इथे कोणी खोकत नाही, हेच दाखवायला आलोय. आता तुम्ही आमच्याकडे या आणि दोन तास बसा." साहेबांनी बराच वेळ कान खाजवला आणि मंगळवारचे अकरा दिले.

तुमचा कारखाना बंद पडावा असं कोणालाही वाटत नाही. आमच्यातल्या चौघांच्या घरची माणसं तिथेच कामाला आहेत आणि तीही ग्रुपात आहेत. (हे लिहायला नको होतं. खोडलं तर जास्त दिसेल.) यंत्रावरच्या धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्या फाटल्या म्हणून पाच वर्षांपूर्वी तुम्ही काढून ठेवल्यात, हे तुम्हीच जेवताना सांगितलं होतं. तेवढ्या पुन्हा लावा. मंगळवारी साहेबांसमोर वही वाचायची आहे आणि त्या विचाराने मी दोन घड्याळांचे काटे उलटे बसवले.

घरातल्या सर्वांना नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

तुमचा,
खोकलेराव

ता. क. सोमवारी पाचला दवाखान्यात या. भांडायला नको, समजवायला नको. सहापर्यंत नुसते बसा आणि ऐका.

आणखी ता. क. वही मी वाचणार नाही. माझी जीभ घसरते म्हणून ग्रुपाने मला वगळलं. वाचणार आहे ताई. (मी तुम्हाला लिहितो आहे हे तिला माहीत नाही.) दर सोमवारी ती शिंपीणबाईकडे माप द्यायला जाते ना? आठ महिने एकाच कपड्याचं माप चालू आहे, याचं तुम्हाला कधी नवल वाटलं नाही? वहीची शेवटची चाळीस पानं तिच्या अक्षरात आहेत, तिच्याच खोकल्याची. तुमच्यासमोर ती खोकत नाही. उबळ आली की फोन कानाला लावते आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटते. तुमच्या बायकोला फोन फार येतात, असं तुम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगता. दाजी, तिला कोणाचे फोन येत नाहीत.

शेवटचा ता. क. दाराजवळच्या खुर्चीवर बसू नका, तिचा पाय आखूड आहे. ताईच्या शेजारची मी धरून ठेवतो.