गाडी मऊ झाली त्याची हकिकत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

बरकतपुरा, हैदराबाद
कार्तिक वद्य द्वितीया, शुक्रवार, २७ नोव्हेंबर २०१५

रा. रा. हिम्मतराव यांस दत्तोबाचा नमस्कार. वहिनींस नमस्कार, पोराबाळांस आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवावं. मागे पाठवलेलं तेल लावत असाल तर उत्तम, नसाल तर तेही कळवावं, म्हणजे मी इकडे निष्कारण समाधानात राहणार नाही. आम्ही सगळे दत्तकृपेने ठीक आहोत. (हे वाक्य लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरी परिस्थिती पुढे येईल.)

फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. आमच्या दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं सगळं सगळ्यांना ऐकू येतं. पत्राचं तसं नाही. आमची भामा (तिला आजीचं नाव ठेवलं म्हणून ती अजून माझ्यावर रुसून आहे) इंग्रजी शाळेत शिकली. तेलुगू फाडफाड बोलते, मराठी मात्र पाटीवरचं अक्षर लावत लावत वाचते, आणि चौथ्या शब्दाला ‘पप्पा, ये बहुत लंबा है’ म्हणून सोडून देते. राहिली तुमची बहीण तारामती. तिचा चष्मा श्रावणात फुटला, नवा सुलतान बाजारातल्या दुकानात करायला टाकलाय आणि दुकानदार रोज उद्याचा वायदा करतो. तेव्हा मराठीत लिहिलेला कागद या घरात टेबलावर उघडा टाकला तरी तिजोरीत ठेवल्यासारखाच आहे. म्हणून मोकळेपणाने लिहितो.

तर गोष्ट अशी की राज्याची दोन राज्यं झाली आणि आमच्या खात्याचीही वाटणी झाली. कपाटं मोजली, पंखे मोजले, पाण्याचा माठसुद्धा कोणाच्या वाट्याला जातो यावर एक टिपण निघालं. मग माणसं मोजायला घेतली. शाळा कुठे झाली, असा रकाना होता. मी खरं ते लिहिलं, मुखेड तालुका, मराठी शाळा, खालची जमीन शेणाने सारवलेली. (शेवटचं लिहिलं नाही, पण मनात आलं.) तिथला कारकून म्हणाला, ‘साब, दोइच राज्याँ हैं, ये तिसरा कां से लाए?’ छप्पन साली अशीच वाटणी झाली तेव्हा आमचं गाव तिकडे मराठी मुलखात गेलं आणि नोकरीसाठी आलेले माझे काका इकडे राहिले. तीच रेघ पुन्हा माझ्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. श्रावणात यादी लागली. माझं नाव पलीकडच्या बाजूला निघालं. उन्हाळ्यात विजयवाड्याला हजर व्हायचं. निवृत्तीला नऊ वर्षं आहेत. भामाचं कॉलेज इथे, तारामतीचं भजनी मंडळ इथे, बावीस वर्षांचा संसार इथे. हे मला तारामतीला सांगायचं आहे. तीन महिने झाले, सांगता आलेलं नाही.

का आलं नाही, हे तुम्हाला सांगतो. (कोणाला सांगू नका.) मला कुठलीही अवघड गोष्ट तिच्या तोंडाकडे बघून सांगता येत नाही. गाडीवर येते. लग्नाच्या वर्षी ही स्कूटर घेतली तेव्हापासून आम्ही दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जातो, काचीगुड्यावरून, सुलतान बाजारातून. ती मागे, मी पुढे, दोघांचीही तोंडं एकाच दिशेला. माझी आई गेल्याचा निरोप आला तो मी तिला गाडीवर सांगितला. बढती हुकली ती सांगितली. तुमच्याकडून आणून गावी ठेवलेली जर्सी गाय विकली तेही तिला काचीगुड्याच्या सिग्नलला कळलं. (तुम्हाला आत्ता कळलं असेल तर माफ करा.) खड्डे, आवाज, हॉर्न, त्यात निम्मे शब्द उडून जातात. ती ‘काय?’ म्हणते, मी पुन्हा सांगतो, आणि दुसऱ्यांदा सांगेपर्यंत मलाच धीर आलेला असतो. देवळात पोचलो की दोघंही हात जोडतो. पुढे त्या विषयावर बोलावं लागत नाही.

यादी लागली त्याच गुरुवारी सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण मेट्रोच्या खांबासाठी खणलेल्या रस्त्यात आमचं पुढचं चाक गेलं. तारामतीचा चष्मा डोळ्यांवरून उडाला आणि बसच्या चाकाखाली आला. ती शांतपणे उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, ‘माझी पाठ गेली. आता मी या गाडीवर बसायची नाही.’ आणि समोरून आलेल्या शेअर ऑटोत बसून देवळात गेली. तेव्हापासून तेच चाललंय. ती ऑटोने, मी स्कूटरने, देवळाच्या पायरीवर आमची भेट होते, पाहुण्यांसारखी. मी तिला कमरेचा पट्टा आणून दिला, तो ती घालते. आता एक गंमत बघा. ऑटो त्याच रस्त्याने जाते, त्याच खड्ड्यांतून जाते, सहा माणसं कोंबून जाते, पण ऑटोत तिची पाठ दुखत नाही. यावर मी आठ दिवस विचार केला आणि अनुमान काढलं की दोष माझ्या स्कूटरच्या चाकांत आणि शॉकअपमध्ये असला पाहिजे. ते बदलले की ती बसेल, ती बसली की मी सांगेन.

सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत खाजामियाँ म्हणून मिस्त्री आहेत. माणूस सज्जन, पाच वेळचा नमाजी, हात काळे आणि दाढी पांढरी. त्यांनी गाडी उभी-आडवी हलवून पाहिली आणि म्हणाले, ‘गाडी का कुछ नै साब, रोडाँच खराब हैं.’ मी म्हटलं, रस्ता बदलणं माझ्या हातात नाही. तेव्हा त्यांनी आधी चाकं बदलायचं सुचवलं. दहा इंची काढून बारा इंची घालायची, टायर ट्यूबलेस, म्हणजे लहान खड्डे चाकाला कळणारच नाहीत. चाकाला ते कळेनासे झाले हे खरं. पण माझी उंची तुम्हाला माहीत आहे, लग्नात अंतरपाट धरणाऱ्याने तो मुद्दाम खाली धरला होता. गाडी वर गेली आणि माझे पाय जमिनीपासून सुटले. सिग्नलला थांबायचं तर दुभाजकाचा कठडा तरी हवा किंवा शेजारच्या ऑटोची दांडी. एकदा मी दांडी धरून विजयवाड्याचा विचार करत राहिलो तेव्हा ऑटोवाला म्हणाला, ‘चाचा, हात छोडो, हरा हो गया. नै तो अंदरइच आ जाओ.’

शिवाय स्टँड जमिनीला पोचेना. म्हणून मी पुढच्या डिक्कीत एक वीट ठेवली. जिथे थांबेन तिथे स्टँडखाली वीट. गाडी विटेवर उभी राहिलेली बघून मनात नको तो विचार आला, मी लगेच कानाला हात लावला. पण देवळापुढे वीट काढत असताना पुजाऱ्यांनी पाहिलं. देवळाच्या सभामंडपाचं बांधकाम चालू आहे, भक्तांनी वीट अर्पण करावी असा फळा लावलेला आहे. त्यांनी वीट माझ्या हातातून घेतली, हळदकुंकू वाहिलं आणि नाव विचारलं. मी नाव सांगितलं. मी गाडी भिंतीला टेकवून दर्शन घेतलं. पुढच्या गुरुवारी दुसरी वीट नेली, तीही गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी चार भक्तांसमोर माझं उदाहरण दिलं. मला फार शरम वाटली, कारण त्यातली एकही वीट मी भक्तीने नेली नव्हती. शेवटी खाजामियाँनी स्टँडला तुकडा जोडून दिला आणि सीटचा फोम तासून मला खाली आणलं. पुजारी मात्र अजून माझ्या हातांकडे बघतात.

नंतर शॉकअप. (जुने तुम्ही दसऱ्याला आलात तेव्हा ट्रॅक्टरच्या सीटखाली घालतो म्हणून घेऊन गेलात, तेच.) नवे आले ते दोन दांडग्या माणसांसाठी बनवलेले. मी एकटा बसलो की गाडी बोकडासारखी उड्या मारायची. खाजामियाँ म्हणाले, स्प्रिंग कमीजास्त करता येते, पण मागे बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. ‘बेगमसाब का वजन कित्ता है बोलो, उत्ताइच टाइट करतूं.’ हिम्मतराव, बावीस वर्षांत हा आकडा मी विचारलेला नाही आणि विचारायची छातीही नाही. काचीगुडा स्टेशनवर वजनाचा काटा आहे, तिकडे सहज फिरायला जाऊ म्हटलं, तर ती म्हणाली, स्टेशनवर कशाला, कोण येणार आहे? मग मी अंदाज बांधला. पंचवीस किलोची दोन पोती सोनामसुरी, वर दहा किलो तूरडाळ, आणि कमी पडायला नको म्हणून दोन किलो गूळ. एकूण बासष्ट. सगळं मागच्या सीटवर दोरीने बांधलं आणि चार दिवस सकाळी ऑफिसच्या आधी बरकतपुरा ते सुलतान बाजार फेऱ्या मारल्या. दर फेरीला खाजामियाँ स्प्रिंग जराशी पिळायचे.

ऑफिसातले केशवराव वाटेत भेटले. (ते शेजारच्याच टेबलावर बसतात, त्यांचं नाव या बाजूला राहिलं, म्हणून हल्ली ते माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतात.) त्यांनी दोन दिवस पोती पाहिली आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, ‘दत्तोबा, आत्ताच सामान हलवायला लागलात का?’ मी नुसती मान हलवली. कारण तेव्हा मी पोत्यांशी बोलत होतो. खोटं कशाला सांगू, सराव करत होतो. तारामती, असं असं झालंय, यादीत नाव आहे, तू भामाला घेऊन इथेच राहा, मी शनिवार-रविवार येत जाईन, पोळ्या मला करता येतात. सगळं नीट, न अडखळता सांगून झालं. तांदळाने शांतपणे ऐकून घेतलं. त्या दिवशी मला कितीतरी हलकं वाटलं.

चौथ्या दिवशी खाजामियाँ म्हणाले, ‘मक्खन हो गई देखो.’ मी परीक्षा म्हणून अभिषेकाच्या दुधाचा तांब्या काठोकाठ भरून पायांमध्ये ठेवला आणि देवळापर्यंत गेलो. थेंब सांडला नाही. घरी येऊन तारामतीला हे सांगितलं तेव्हा तिने तांब्या माझ्या हातातून घेतला. दुधाची गोष्ट खोटी असणार नाही हे तिला माहीत आहे. ‘बरं, येते’ म्हणाली.

काल गुरुवार. ती बसली. हिम्मतराव, गाडी अशी चालली की माझाच विश्वास बसेना. काचीगुड्याचे खड्डे आले आणि गेले. तांदळाला सांगितलं होतं तसंच मी सगळं सांगितलं, एकही शब्द उडाला नाही. मागून ‘काय?’ आलं नाही. सिग्नलला थांबलो, आरशात पाहिलं. तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं आणि डोळे मिटलेले. बावीस वर्षांत ती गाडीवर कधी झोपली नव्हती, कारण झोपताच येत नव्हतं. चाकं बदलली, शॉकअप बदलले, तीन विटा गेल्या, घरात चार महिन्यांचा तांदूळ आला, आणि जिला सांगायचं ती मी केलेल्या सुखात झोपून गेली. देवळापाशी डोळे उघडून म्हणाली, ‘पोचलो का? लई मऊ झाली गाडी.’ मी देवापुढे हात जोडून उभा राहिलो. पुजाऱ्यांनी वीट विचारली.

तर असं आहे. जास्त काय लिहू. गुडघ्याला जपा.

तुमचा
दत्तोबा

ता. क. ते जुने शॉकअप ट्रॅक्टरला बसले नसतील तर (बसले असतील तरी) पोत्यात घालून हैदराबादच्या बसमध्ये कंडक्टरकडे द्यावेत. मी स्टँडवर येऊन घेईन. जुन्या गाडीवर ती निदान जागी तरी राहील.

ता. क. २. किंवा असं करा, शॉकअप राहू द्या. तुम्ही थोरले भाऊ आहात, तुमचं ती ऐकते. तुम्हीच तिला फोन करून सांगा की दत्तोबाचं नाव यादीत आहे. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो होतो, बाकीचं ओघात आलं.

दादास तारामतीचा नमस्कार. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय. चष्मा सोमवारीच आणला, भांड्यांच्या फळीवर आहे, तिकडे यांची नजर जात नाही. यादीचं मला लागली त्याच दिवशी कळलं, केशवरावांच्या बायकोने, मालनबाईंनी सांगितलं. यांनी गाडीवर बसवून मला आजवर एकही चांगली बातमी दिलेली नाही. म्हणून म्हटलं, बसलेच नाही तर सांगतील कसे, आणि सांगितलं नाही तोवर ते झालेलं नाही. पाठीला काही झालेलं नाही, पट्ट्याने नुसतं उकडतं. माझं वजन चौपन्न आहे, विचारलं असतं तर सांगितलं असतं. काल मी झोपले नव्हते. सगळं ऐकलं, पोळ्यांचंसुद्धा. यांच्या पोळ्या तू खाल्ल्या नाहीस. यांच्या पाठीला काय उत्तर द्यायचं ते सुचेना, म्हणून डोळे मिटून घेतले. शॉकअप पाठवू नकोस आणि फोनही करू नकोस. भामा हॉस्टेलला राहायला तयार आहे, तिला मी भाजी निवडता निवडता विचारलं. यांना मी पुढच्या गुरुवारी गाडीवरच सांगेन. गाडी खरंच मऊ झालीय दादा, विजयवाड्यापर्यंत बसवेल.