दोन सूत राखून

३ जानेवारी, शनिवार
अशीच शनिवारची दुपार असायची. बाबांची पत्र्याची शेड, तेलाचा वास, ताई आणि मी दोघी शाळेच्या गणवेशातच. बाबा हँडल खाली ओढायचे, बिट लाकडात शिरायचं आणि पिळदार भुसा फुलासारखा वर यायचा. बाईसाहेब खूश आहेत, म्हणायचे. बाईसाहेब म्हणजे त्यांचं उभं ड्रिल मशीन. मी सतत बाबांच्या शेजारी. त्यांची सावलीच म्हणा.

आज बाईसाहेब टेम्पोतून माझ्या दारात उतरल्या. बाबांचं घर विकलं गेलं. मशीन मीच घेणार, असा माझा हट्ट. तंत्रशाळेला देऊ, असं ताईचं मत. मी म्हटलं, मुळीच नाही. ताई म्हणाली, ठेव मग, पण शोभेची बाहुली करून नको. एकतीस तारखेला ती येणार. तोवर फळीत एक सरळ भोक पाडून दाखवलं तर मशीन माझं, नाहीतर तंत्रशाळेचं.

एक भोक! ताई मला ओळखतच नाही.

संकल्प : रोज सकाळी दोन तास काम. कोठीच्या खोलीला आजपासून वर्कशॉप म्हणायचं. ह्यांना तसं सांगितलं. ह्यांनी विचारलं, वर्कशॉपमधून चार कांदे आणू का.

५ जानेवारी
मशीन सहा फूट. माळ्याची फळी पाच फूट पाच इंचांवर. हे टेप न लावताच म्हणाले, जाणार नाही. स्वभावच तसा. उपाय सोपा आहे. माळा वर सरकत नाही, बाईसाहेब ठेंगण्या होऊ शकतात. मशीनचा खांब सात इंच कापायचा.

८ जानेवारी
टर्नरकडे खांब दिला. कामाचा माणूस, पण फटकळ. सांगितलं, सात इंच कापा, मात्र दोन सूत राखून. बाबांचंच वाक्य : कापलेलं परत वाढत नाही, दोन सूत राखून काप. टर्नर एकदम आदराने बघायला लागला. मी म्हटलं, माझं सगळं बालपण मशीनजवळच गेलंय.

१२ जानेवारी
खांब आला. मशीन उभं केलं. माळ्याला अडलं. पाव इंचाने.

टर्नरला फोन केला. म्हणाला, मॅडम, दोन सूत म्हणजेच पाव इंच, तुम्हीच राखायला सांगितलंत. मी म्हटलं, सूत म्हणजे दोरा. शाळेत भरतकामाचं पहिलं बक्षीस सिस्टरनी माझ्या हातात दिलंय, सूत किती जाड असतं ते मला शिकवू नका. त्याने विचारलं, बालपण नक्की कुठल्या मशीनजवळ गेलं, शिलाईच्या का. फोन कट झाला. (मी केला.)

हे पेपरामागून म्हणाले, लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, तू माळा गाठलास.

१३ जानेवारी
मशीनच्या बैठकीखालचे रबरी तुकडे काढले. बसलं! मूळ योजना हीच होती म्हणायला हरकत नाही. दार मात्र अर्धंच उघडतं. अंग चोरून शिरता येतं. मी फार चोरू शकत नाही, तो भाग वेगळा. कांदे बाहेर.

१९ जानेवारी
जुनी मोटर जळकी निघाली. वायरमनने नवी बसवून चालू करून दाखवली. मी व्हरांड्यात होते. तिथून देखरेख जास्त चांगली होते.

२२ जानेवारी
आज फळी घेतली. कानात कापूस घालून अर्धा तास हँडल दाबलं. भोक नाही, धूर. लाकूड फार कसदार असणार.

२४ जानेवारी
दुसरी फळी, तिसरी फळी. तिन्हींवर एकेक काळा गोल खळगा. पण काय सुबक गोल! जळक्या लाकडाची सध्या फॅशन आहे, असं कुठेतरी वाचलंय. हे स्वयंपाकघरातून ओरडले, काय करपलं. म्हटलं, कला.

३० जानेवारी
उद्या ताई. मनात आलं, कोपऱ्यावरच्या सुताराकडून भोक पाडलेली फळी आणावी का? छे. बाबांच्या मुलीला शोभेल का हे? नुसतं मनात आलं म्हणून लिहिलं.

संध्याकाळी : आणली. केवळ नमुना म्हणून.

३१ जानेवारी, शनिवार
ताई आली. गुडघ्यांचं दुखणं घेऊन आत शिरली. मी नमुना पुढे केला. तिने भोकात बोट फिरवलं आणि म्हणाली, सुतार चांगला आहे हं तुझा, नंबर देऊन ठेव.

मग स्वतःच बटण दाबलं. क्षणभर बघितलं आणि कपाळावर हात मारला. अगं बाई, हे उलटं फिरतंय, तू भोक पाडत नव्हतीस, लाकडाला चटके देत होतीस. वायरमन आला, दोन वायरी अदलाबदल करून गेला. पाच मिनिटं.

ताईने पदर खोचला, चष्मा लावला आणि न बघताच हात मागे केला. बिट आवळायची चकची चावी हवी होती तिला. मला कळलंच नाही. ती तिनेच शोधली. हँडल खाली आलं. फळीतून पिळदार भुसा वर आला. अगदी तसाच. बाईसाहेब खूश आहेत, ताई म्हणाली.

ती वळली तेव्हा मी दाराबाहेर होते. ती हसतच सुटली. म्हणाली, तश्शीच आहेस, शेडच्या दारात पोत्यावर बसायचीस आणि झालं का, झालं का, म्हणून बाबांना भंडावून सोडायचीस. साफ खोटं, असं म्हणणार होते. पण माझे दोन्ही हात कानांवर होते.

चहा पिताना कळलं, मशीन तिलाच हवं होतं. गॅरेज रिकामं आहे. पण धाकटीने एवढा हट्ट धरल्यावर थोरलीने कसं मागायचं? म्हणून तंत्रशाळेचं नाव पुढे केलं.

१ फेब्रुवारी, सकाळ
कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा मन बदलायला नको.

बाईसाहेब ताईला. सात इंच ठेंगण्या झाल्यात, पण ताईही हल्ली उंच राहिलेली नाही. जमेल दोघींचं.

जळक्या फळ्या वायरमनला, आठवण म्हणून. कोठीची खोली कांद्यांना परत, ह्यांच्या हस्ते.

खांबाचा कापलेला तुकडा मला. सात इंचाला दोन सूत कमी. मोजला.

आणि एक पोतं, तेही मला. दर शनिवारी दुपारी ताईच्या गॅरेजच्या दारात टाकून ठेवावं. उंबऱ्यापासून दोन सूत आत.