एफ-टू दाबल्यावर

तंजावर,
बुधवार, १८ जून २०२५

ती. हर्षण्णास,

सुप्रभेचा नमस्कार. इथे आम्ही दोघं बरी आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण विचारायची दुसरी सोय तू ठेवलेली नाहीस.

यंदा धरणाचं पाणी वेळेवर सुटलं. घरामागच्या कालव्यात परवाच आलं. अप्पा रोज सकाळी काठी घेऊन बघायला जातात आणि परत येऊन मला त्याचं वर्णन ऐकवतात, जसं काही मी जन्मात पाणी पाहिलं नाही. फेब्रुवारीपासून त्यांचा डावा हात नीट उचलत नाही. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणतात. मी घाबरते.

मुद्दाम नागरीत लिहितेय. तुझ्या कोइंबतूरच्या खोलीतल्या कोणालाही हे वाचता यायचं नाही. दर रविवारी दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसवून अप्पा आपल्याकडून पत्रं लिहून घ्यायचे, तेव्हा तू कुरकुरायचास, की अख्ख्या गल्लीत नागरी कोणाला येत नाही तर ही पत्रं धाडायची कोणाला. घे, आता कामी आलं.

कामाचं सांगते. कॉलेजनं मला लॅबमधून काढलं, त्याला सहा महिने झाले. मी सर्व्हर सांभाळायचा कोर्स केला. सोमवारी, २३ तारखेला, त्याची शेवटची परीक्षा आहे. दोनदा नापास झालेय, तिसऱ्यांदा झाले तर पुन्हा बसू देत नाहीत. पास झाले तर तिरुचीला नोकरी नक्की आहे. घरात माझ्याशिवाय कमावणारं कोणी नाही हे तुला सांगायला नको.

परीक्षेत लॅपटॉपच्या पोटात आणखी दोन लॅपटॉप चालवून दाखवायचे असतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, तुला माहीतच आहे. मी सगळं मांडून बसले आणि पडद्यावर एकच ओळ आली, की या यंत्रात व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. ते चालू करायचं म्हणजे लॅपटॉप सुरू होताना एफ-टू दाबून आतल्या सेटिंगमध्ये जायचं, एका ओळीवर 'डिसेबल्ड' असेल तिथं 'एनेबल्ड' करायचं. दोन मिनिटांचं काम. पण एफ-टू दाबलं की तो पासवर्ड मागतो.

लॅपटॉप तुझा आहे. तू टाकून गेलास तोच. न विचारता घेतला, चुकले. स्टेशन रोडच्या रमणनं नवी डिस्क बसवून दिली म्हणून विंडोज चालतं, पण हा पासवर्ड डिस्कमध्ये नसतो, बोर्डात असतो. तुझी जुनी डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, उघडलेली नाही. दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप चालत नाही, कारण परीक्षेसाठी मी शहाणीनं हाच नोंदवला. रमण म्हणतो चिप काढून बघू, पण बोर्ड गेला तर मला विचारू नका. गेले पाच दिवस मी तुझी जन्मतारीख, शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव टाकून बघतेय. तीनदा चुकलं की तो अडून बसतो, अगदी तुझ्यासारखा. आता सुचेल ते सगळं टाकून झालं.

घरात कोणीतरी तुझा लॅपटॉप उघडला, म्हणून तू ते कुलूप घातलंस.

हे वाक्य लिहून मी उठले, रसम उकळलं, अप्पांना वाढलं, परत आले. कोणीतरी नाही. मी उघडला.

कीर्तनाशी लग्न करून तू डब्लिनला जाणार होतास, ते मी त्यातल्या तुमच्या ईमेलांत वाचलं. मी इथेच राहणार, एकटी, हे दिसलं आणि माझं डोकं फिरलं. अप्पांना मी सांगितलं. ते पापनाशमला तिच्या घरी जाऊन ओरडून आले, हे खरं. महिन्याभरात तिच्या लोकांनी तिला दुसरीकडे उजवली, हेही खरं. पण "माझा लॅपटॉप कोणी उघडला?" असं तू विचारलंस, तेव्हा माझ्याकडे न बघता अप्पा म्हणाले, "मी." आणि मी गप्प बसले. चार वर्षं झाली.

अण्णा, अप्पांना त्या लॅपटॉपचं बटण कुठे आहे हे आजही माहीत नाही. तू विश्वास कसा ठेवलास?

परीक्षा नसती तर हे मी कधीच लिहिलं नसतं. मी अशीच आहे, तुला ठाऊक आहे. पासवर्ड द्यायचा नसेल तर नको देऊस. पण तू ब्लॉक केलेला अप्पांचा नंबर तेवढा उघड. फोन वाजला की ते अजूनही उजव्या हातानं डावा हात धरून उठतात.

तुझी धाकटी बहीण,
सुप्रभा


तंजावर,
मंगळवार, २४ जून २०२५

ती. हर्षण्णास,

शनिवारी दुपारी तू अप्पांना फोन केलास. मी स्वयंपाकघरात होते. मला बोलवायला तू सांगितलं नाहीस, ते बरोबरच केलंस.

त्यांचं एकच वाक्य माझ्या कानावर आलं. "पोरीचं नाव सांगितलं तर तू तिलाही सोडून जाशील असं वाटलं, मग तिला कोण होतं?"

मग त्यांनी पंचांगाच्या मागे लिहिलेला पासवर्ड माझ्या हातात दिला. त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून तू सांगितलंस तसं एकेक अक्षर नागरीत लिहिलेलं. के, ई, ई, आर. चौथ्या अक्षराला मला कळलं. ज्या मुलीच्या दारात ते ओरडून आले तिचं नाव त्यांनी फोनवर ऐकत ऐकत पूर्ण लिहून घेतलं होतं, एकही अक्षर खोडलेलं नव्हतं. मी लॅपटॉपपुढे बसून ते टाईप केलं. मला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

दोन्ही मशिनं चालली. मी पास झाले. एक तारखेला तिरुचीला रुजू होतेय, रोज बसनं जाऊन येईन, अप्पा एकटे पडणार नाहीत.

आत गेल्यावर पासवर्ड काढून टाकायचीही सोय होती. मी काढला नाही. यापुढे तिथं जायचं झालं तर दर वेळी मला तिचं नाव लिहावं लागेल, ते लागू दे.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन कर. अप्पांनी खुर्ची आत्ताच फोनजवळ ओढून ठेवली आहे. मी त्या वेळी कालव्यावर जाईन.

तुझा लॅपटॉप उघडणारी,
सुप्रभा