विनीतचा क्लॅरिफाइंग शॅम्पू

विन्या,
हे लिहिणारच नव्हतो, पण तोंडावर बोलायला जमत नाही रे. तो क्लॅरिफाइंग शॅम्पू मी लपवलाय, शोधू नकोस. साचलेलं तेल, खाऱ्या पाण्याचा थर तो काढतो, खरंय. पण तुझे केस त्या थरामुळे गळत नाहीयेत. किमोने गळतायत, आणि तुलाही माहितीय. परळला हॉस्पिटलात सिस्टरना विचारलं, त्या म्हणाल्या, या शॅम्पूने टाळूची आग होईल. आज नुसत्या कोमट पाण्याने धू. उशीचा अभ्रा बदललाय.

बाप जिवंत असताना पोराने डोकं भादरायचं नाही, म्हणून तुझे बाबा हटून बसलेत ना? संध्याकाळी मी बोलतो त्यांच्याशी. नाहीच ऐकलं, तरी ट्रिमर मीच चालवीन आणि शिव्याही मीच खाईन. प्रॉमिस.
हितेंद्र