बिनछज्ज्याचं घर

२० नोव्हेंबर
आज सकाळी पूजा आटोपली आणि नव्या घराच्या नकाशावरचे सगळे छज्जे लाल पेनाने खोडले. छज्जा म्हणजे घराच्या कपाळावरची आठी. आर्किटेक्ट स्नेहल मॅडमचं तोंड पडलं. माझ्या लेकीपेक्षा, प्रांजलीपेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठी असेल. म्हणते, सर, पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा झोडपा लागेल. छज्जा हवाच, आणि त्याच्या खालच्या कडेला खाच, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता तिथूनच टपकेल. मी स्टील प्लांटमध्ये पंचवीस वर्षं भट्टीचं अस्तर सांभाळतो. वितळलेलं लोखंड धरून ठेवतो. आणि ही मला पावसाची भीती घालते.

धाकट्या भावाच्या, धनंजयच्या, हुडको कॉलनीतल्या घराला छज्जेच छज्जे. वर शेवाळ, खाली कबुतरं. दुर्गला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क आहे. घरही पार्सलसारखंच.

येत्या भाद्रपदात गौरी-महालक्ष्म्या त्याच्याकडून माझ्या जुनवानीच्या या नव्या घरी येणार. थोरल्याचा मान. माझं क्वार्टर लहान म्हणून इतकी वर्षं तिकडे होता. हॉलमधली पश्चिमेची भिंत त्यांच्यासाठीच. आईचा नेम होता : कबूल केल्या वर्षी नेल्या नाहीत, तर पुन्हा मागायच्या नाहीत. आपल्याला तो प्रश्नच नाही.

२ एप्रिल
बाहेरचं प्लास्टर झालं. भिंत कशी सपाट! मॅडम म्हणाल्या, पाइपने पाणी मारून तपासू. मी हसलो. भट्टीवर कोणी पाइप मारतं का? मागून विजया म्हणाली, भट्टीवर पाऊस पडते का?
बायकोशी टेक्निकल बोलायचं नाही हा जुना नियम.

१७ मे
वास्तुशांती. धनंजय घराभोवती फिरून आला. म्हणाला, दादा, घर लय देखणं झालं, पर खिडकीखालच्या दगडाले बाहेर उतार नाही दिसून राहिला. पाणी आत येईन ना. पार्सलवाला मला उतार शिकवतो! त्याच्या बायकोने, वसुंधराने, नुसता भिंतीवर हात फिरवला. जळफळाट, दुसरं काय.

५ जुलै
खिडकीखाली डाग. ओल नाही. नवं प्लास्टर घाम सोडतं. विजयाने त्यावर कॅलेंडर लावलं. समजूतदार बाई.

१४ जुलै
कॅलेंडर भिजलं.

२१ जुलै
उपाय सापडला. भट्टीला अस्तर आतून असतं. घरालाही आतूनच पाहिजे. सुपेल्याच्या बाजारातून एपॉक्सीचा रंग आणून स्वतः दोन हात मारले. भिंत ताटासारखी चकाकते. आता पाण्याची आत यायची हिंमत नाही. एवढी साधी गोष्ट कॉलेजात शिकवत नाहीत. नंतर जप केला. मन फार प्रसन्न.

११ ऑगस्ट
भिंतीला फोड आला. पुरीएवढा. विजयाने केसांतली पिन टोचली, तर सगळं पाणी तिच्या पदरावर. म्हणाली, डॉक्टरले दाखवा. मी समजावलं, पाणी निघालं म्हणजे भिंत मोकळी होऊन राहिली. तर म्हणे, आन महालक्ष्म्यांले काय सांगू, नाक दाबून बसा?
कुबट वास येतो हे खरं. पण शेजाऱ्यांच्या नालीचाही असू शकतो.

२४ ऑगस्ट
विजयाने मला न विचारता स्नेहल मॅडमला बोलावलं. त्यांनी नखाने रंग उचलला, तो दुधावरच्या सायीसारखा सरसर सुटला. म्हणाल्या, सर, पाऊस बाहेर आणि रेनकोट आत. भिंत वाळणार कुठून? हे खरवडा, बाहेरून छज्जा बांधा, दगडाला उतार द्या आणि हिवाळाभर वाळू द्या.
हिवाळाभर! महालक्ष्म्या काय संक्रांतीला येतात? पोरीला पंचांगही ठाऊक नाही.
भिंतीएवढा फ्लेक्स मागवला. त्यावर मंदिराचं चित्र. प्रांजली म्हणाली, पापा, भगवान से भी छुपाओगे? असल्या बोलण्याकडे लक्ष देत नाही.

७ सप्टेंबर
गणपती बसले. दुपारी पश्चिमेकडून झोडपा आला. फ्लेक्समागे खरखर सुरू झाली. मंदिराला पोट सुटलं, ते वाढत गेलं, आणि प्लास्टरसकट अख्खं देऊळ माझ्या मखरावर येऊन बसलं. चूक फ्लेक्सवाल्याची. खिळे हलके वापरले.
विजया झाडू घेऊन आली. प्लास्टर गोळा करू लागली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

रात्री
जपाला बसलो, लागला नाही. आई ओल्या जमिनीवर पाटसुद्धा मांडू देत नसे.
खिळे हलके नव्हते. मीच दिले होते.

९ सप्टेंबर
महालक्ष्म्या उद्या यायच्या. सकाळी हुडकोला गेलो. पाऊस लागला होता. धनंजय दारात आला. म्हणाला, दादा, मुखवटे घासून ठेवले, आता नेता का सांजच्याले? आतून वसुंधरा म्हणाली, भाऊजी, आत या ना, भिजसान.
मी म्हणालो, असू दे, इथे पाणी येत नाही.
मग तिथेच, त्याच्या छज्ज्याखाली उभं राहून सांगून टाकलं : महालक्ष्म्या इथेच राहू द्या. कायमच्या.