व्याह्यांचा संघ आणि माझी कवळी

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला काही लागत नाही. प्रत्यक्ष वाकलो तर मला सरळ कोण करणार, हा प्रश्न आहेच.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? मी तिथे नसलो की तू ते विसरतेस आणि बाटली किती दिवस पुरली म्हणून खूश होतेस, हे मला इथे बसून दिसतं. मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, तिला संध्याकाळी खुर्ची टेकवत जा. बाकी काळजी करू नकोस. काळजी करायला मी आहे.

पोहोचल्याबरोबर पत्र टाकतो म्हणालो होतो आणि अजून टाकलं नाही, ते आळसाने नव्हे. इथे माझ्या तोंडून एक गोष्ट घडून गेली आणि ती निस्तरेपर्यंत काय लिहावं तेच सुचेना. वाईट काही नाही हे आधीच सांगून टाकतो, नाही तर तू शेवटचं पान आधी वाचशील. लेक सुखरूप आहे. जावई सकाळी कामाला जातात ते दिवेलागणीला येतात आणि मला रोज 'झोप लागली का' असं विचारतात. मी रोज नाही म्हणतो, तरी दुसऱ्या दिवशी विचारतातच. एवढा सज्जन माणूस मी पाहिला नाही.

"महिनाभर राहून बघ, जमलं तर लेकीकडेच राहा, नाही तर माझ्या घरातली तुझी खोली कुठे पळून जात नाही," असं तू तोंडाने म्हणालीस, आणि त्याच वेळी माझ्या पिशवीत परत येतानाच्या प्रवासाचीसुद्धा औषधं भरलीस. मीही मनात परतच यायचं धरलं होतं. बायको गेल्यापासून तुझ्या हातचं खायची सवय झालेली. शिवाय परका देश. परका म्हणजे काय, नदीच्या पलीकडे. बोलतात आपल्यासारखंच, फक्त वाक्याचा शेवट जरा लांबवतात, जणू पुढे आणखी काहीतरी सांगायचं आहे. मी पहिले दोन दिवस वाट बघत उभा राहायचो.

आता मुख्य गोष्ट. आपले व्याही दाताचे डॉक्टर आहेत, हे तुला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. खाली दवाखाना आणि वर घर. मी आलो त्या दिवशी जेवताना माझी जुनी कवळी टकटक वाजायला लागली. (ती वाजते हे मला ठाऊक होतं, पण तुझ्या घरी भांड्यांच्या आवाजात लपायची.) व्याह्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे असं बघितलं, जसा मी एखाद्याने भलतीच भरलेली गादी बघतो. आयुष्यभर खुर्च्यांच्या गाद्या भरल्या मी, ती नजर ओळखतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला खाली नेऊन खुर्चीत बसवलं. तोंडात गार, चिकट गोळा भरून माप घेतलं, मेणाच्या हिरड्या केल्या, पुन्हा पुसल्या, पुन्हा केल्या. रंग जुळवायला मला खिडकीशी उभं करून वेगवेगळे दात ओठाशी धरून बघितले. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी म्हटलं, अहो, एवढं कशाला, मला आता कोणाला दाखवायचेत? तर म्हणाले, "मला दाखवायचेत. माझा व्याही टकटक करत गावभर फिरला तर माझ्याकडे येईल कोण?"

अक्का, असे दात बसलेत की मी सफरचंद चावलं. कापून नाही. हातात धरून चावलं. लेक बघत उभी राहिली आणि मग उगाच फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हा विचार करत मी रात्री जागा. (तसा मी जागाच असतो.)

आणि नेमका त्याच आठवड्यात त्यांचा फुटबॉलचा सामना आला.

आपला संघ या वेळीही पहिल्याच फेऱ्यांत घरी परतला, हे तुला ठाऊक नसेल, आणि कळून तू काही करणारही नाहीस. त्यांचा मात्र पुढे पुढे चाललेला. समोर होता कुठल्याशा बेटांचा देश. त्याचं नाव मी त्याच सकाळी पहिल्यांदा ऐकलं. तिथे माणसं काय खातात, काय नेसतात, मला माहीत नाही. पण नाव ऐकताक्षणी माझं मन कोणाला न विचारता त्या बेटांवर जाऊन बसलं. मी त्याला पुष्कळ समजावलं. म्हटलं, अरे, ज्यांचे दात तोंडात घालून हिंडतोस त्यांच्या सुखाआड येतोस? लाज धर. पण ते ऐकेना.

मग मी विचार केला की असं का होतं. तू हसशील, पण तुझ्या भिंतीपलीकडच्या थोरल्या जावेचंच घे. शहरातल्या पेढीवाल्याने तीन मजली घर बांधलं तेव्हा तू मला मुद्दाम बघायला घेऊन गेलीस आणि किती छान म्हणालीस. आणि थोरल्या जावेने नुसता पुढच्या खोलीला नवा पंखा लावला, तर तुला दोन दिवस उकडत होतं. लांबच्याचं ऐश्वर्य आपल्याला दिसत नाही, ते फक्त ऐकू येतं. शेजारच्याचा पंखा भिंतीतून घुमतो. शिवाय शेजारी आपल्याहून फार वेगळा असता तर गोष्ट निराळी. तेच पाणी, तेच ऊन, तोंडवळाही तोच, मग त्याचा गोल होतो आणि आपला का नाही, याला उत्तर सापडत नाही. बेटांवरचे जिंकले तर ते बेटावरचे आहेत, असं म्हणून झोपता येतं. शेजारी जिंकला तर झोप येत नाही. यात द्वेष नाही गं. ज्याचं वाईट व्हावं असं खरंच वाटतं त्याच्या घरी आपण वाटी पाठवत नाही. मी त्यांचं भलंच चिंततो. फक्त गोल होऊ नये.

तर सामना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत. तिथे मोठा टीव्ही आहे, पेशंटचं दुखणं विसरावं म्हणून लावलेला. गल्लीतली सगळी माणसं जमली, अंगात एकाच रंगाचे शर्ट. पेशंटांच्या बाकड्यांवर दाटीवाटी. (बाकड्यांचा स्पंज पार मेला आहे, बसलं की लाकूड लागतं. माझे हात शिवशिवत होते.) मला मान म्हणून पुढची खुर्ची दिली. शेजारी कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला. सगळे त्याला पैलवान म्हणतात आणि त्याला बघितलं की का ते विचारावं लागत नाही. त्याच्या मांडीवर शेंगदाण्यांचं मोठं भांडं. लेक मागे जिन्याच्या पायरीवर बसली होती. व्याही माझ्या कानाशी येऊन बजावून गेले, कवळी नवी आहे, आठ दिवस ओरडायचं नाही. मी म्हटलं, छे, मी कशाला ओरडू?

त्यांच्या संघाने पहिला गोल केला. खोली डोक्यावर घेतली लोकांनी. मीही टाळ्या वाजवल्या. आतून मला असं होत होतं जसं कोणी माझ्याच टाळ्या माझ्याच पाठीत घालतंय. त्यानंतर मी हात मांडीखाली दाबून, मान खाली घालून, फक्त फरशीकडे बघत बसलो. पैलवान म्हणाला, "बाबा, सामना वर चाललाय." म्हटलं, मानेला उसण भरली आहे. भला माणूस, मान चोळायला लागला.

आणि सामना संपत आलेला असताना, मान त्याच्या पंजात वर झालेली असताना, मला टीव्हीवरचा एक बारीकसा बेटवाला सगळ्यांना चुकवत पुढे जाताना दिसला. पुढचं मी ठरवून केलेलं नाही, एवढं तू तरी मानशील. मी उठलो कधी, दोन्ही हात वर गेले कधी, मला ठाऊक नाही. तोंडातून जी आरोळी निघाली तशी मी ऐन तरुणपणीही मारली नव्हती. आणि आरोळीच्या मागोमाग वरची कवळी निघाली. ती हवेतून गेली आणि पैलवानाच्या शेंगदाण्यांत पडली.

खोलीत अशी सामसूम झाली की टीव्हीवरचे बेटवाले नाचताना स्पष्ट ऐकू येत होते. सगळे आधी माझ्याकडे बघत होते, मग भांड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पैलवानाने भांडं हळूच अंगापासून लांब धरलं आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या पाहुण्यांनी आमच्या शेंगदाण्यांत दात घातले." मागून कोणीतरी म्हणालं, "दात आपले आणि आवाज त्यांचा." मी ओठ मिटून उभा. वाटलं, झालं, आता लेकीला या घरात माझ्यापायी आयुष्यभर बोलणी खावी लागणार. बापाने महिनाभरासाठी यावं आणि तिचा संसार उधळून जावं.

व्याही उठले. शेंगदाण्यांतून कवळी काढली, फुंकली, उजेडात धरून उलटसुलट बघितली. चेहरा लाल झालेला. माझा दंड धरला आणि सगळ्यांदेखत आतल्या खोलीत नेऊन मला खुर्चीत आडवं केलं. वरचा दिवा डोळ्यांवर लावला. म्हणाले, "तोंड उघडा. आणखी. तुम्ही कोणासाठी ओरडलात ते मी विचारत नाही, ते गल्लीच्या टोकापर्यंत कळलं. मला एवढंच सांगा, ओरडताना 'आ' केलात का 'ओ'?" मी तोंडात बोटं असताना जमेल तसं सांगितलं की दोन्ही. "मग बरोबर," ते म्हणाले, "मागच्या कडेने हवा शिरली. चूक माझी आहे." आणि मेण तापवायला लागले.

बाहेर बरोबरी सुटेना म्हणून सामना पेनल्टीवर गेला होता. माझ्या तोंडात मेण, त्यांच्या हातात चिमटा, आणि दोघांचेही कान दाराकडे. काम करता करता ते आपणहून म्हणाले, "मागे तुमचा संघ त्या बर्फातल्या देशाकडून हरला ना, त्या देशाचं नाव मला अजून घेता येत नाही. पण त्या दिवशी मी एका माणसाची दाढ इतकी हसत हसत काढली की तो पुन्हा माझ्याकडे आलाच नाही." अक्का, मला हसू आलं, मेण हललं, आणि त्यांनी मला दटावून पुन्हा पहिल्यापासून माप घेतलं. तेवढ्यात बाहेर असा काही गलका उठला की दिवा हलला. त्यांचा संघ जिंकला होता. व्याही बाहेर पळाले नाहीत. माप पक्कं होईपर्यंत माझी हनुवटी धरून उभे राहिले, फक्त त्यांचा पाय जमिनीवर ठेका धरत होता. स्वतःचा आनंद असा दाताखाली दाबून माझे दात नीट करणारा माणूस मला या वयात भेटला, हे माझं नशीबच.

वर गेलो तेव्हा लेक स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. मी घाबरलो. जवळ जाऊन बघतो तर पोटात दुखेपर्यंत हसत होती. म्हणाली, "बाबा, लग्न झाल्यापासून मी आतल्या आत ओरडतेय. आज तुम्ही माझ्या वाटचं ओरडलात." विहीणबाई भाजी चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आतल्या आत कसलं? आमच्या संघाने गोल केला की हिची भांडी आपटतात. मला टीव्ही बघावाच लागत नाही." लेकीला हे नवीन होतं. इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं आणि एका शब्दाने त्यांनी तिला टोकलं नव्हतं. मी त्यांना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, नमस्कार राहू द्या, मटार सोला.

आता ठरलं आहे ते असं. पुढच्या सामन्यापासून हात धुवायच्या बेसिनजवळ विरोधी लोकांच्या दोन खुर्च्या. एक माझी, एक लेकीची. ओरडायला मुभा, पण गल्लीतल्या कोणाचं नाव घ्यायचं नाही. पैलवान शेंगदाणे झाकून आणणार आहे. बाकड्यांत नवा स्पंज मी भरतो आहे, तेवढंच माझ्याकडून. त्यांच्या संघाचे लोक त्यावर सुखाने बसतील आणि स्वतःचा संघ हरताना बघतील, अशी इच्छा आहे.

तब्येतीला जप. थेंब घाल.

तुझा धाकटा

ता.क. व्याह्यांचे उपकार मानून मी सुधारलो, असा समज करून घेऊ नकोस. पण काल बाजारात एक लांबच्या देशाचा प्रवासी फळवाल्याला सांगत होता की या लोकांना खेळता येत नाही, नशिबाने जिंकतात. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याला तिथल्या तिथे झाडला. म्हटलं, त्यांना नावं ठेवायची तर आम्ही ठेवू, नदीपलीकडचे. तुमचा काय संबंध? फळवाल्याने मला एक पेरू जास्त दिला. त्याला मी इथलाच वाटलो असणार. मी तसं काही बोललो नाही.

ता.क. हे मघाशीच लिहायचं होतं, धीर होत नव्हता. तुझ्या शाळेतल्या बाई खोली शोधत होत्या ना? माझी खोली त्यांना देऊन टाकशील का? रात्री-अपरात्री घरात कोणी असेल आणि थेंबांचीही आठवण करून देईल. लेकीला मी अजून काही सांगितलेलं नाही. तू रागावणार नाहीस असं कळलं की मगच सांगेन. नको म्हणालीस तर मी निमूट परत येईन, तुला दिलेला शब्द आहे. मग सामन्याच्या दिवशी बेसिनजवळ लेक एकटीच बसेल. व्याह्यांच्या कानावर तेवढं घातलंय, ते म्हणतात, एकटी कशाला, दुसऱ्या खुर्चीवर पैलवानाला बसवू.