उरलेल्या गोळ्यांचा डबा

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते आणि तू फोन ठेवतोस, म्हणून लिहिते. कागदाला गप्प करणं तुला जमणार नाही.

माझं पोट अजून थांबलेलं नाही. क्रेनच्या केबिनमधून खाली यायला केवढी शिडी आहे, तू पाहिलीयस. गेल्या महिन्यात ती इतक्यांदा उतरले की साहेबांनी मला गोदामात बसवलं. कंटेनर अधांतरी लटकवून कुणी संडासला पळत नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. महिनाअखेरपर्यंत बरी झाले नाही, तर क्रेन दुसऱ्याला. त्यांचं काय चुकलं? चुकलं तुझं.

दाढेसाठी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मी पूर्ण घेतल्या होत्या. तरी तू बाबांच्या डब्यातल्या उरलेल्या पाठवल्यास, खात्रीसाठी म्हणे! मीही तुझीच बहीण, गिळल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, आतड्यातले उपयोगी जिवाणू त्यात साफ झाले आणि मोकळ्या जागेत एक वाईट जात माजली. तिच्यावरचं औषध दोनदा झालं. बंद केलं की ती पुन्हा हजर.

आता निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू तपासून, गाळून, नळीने माझ्या आतड्यात सोडायचे आहेत. पुष्कळांना गुण येतो. हसू नकोस. दाता म्हणून तुझं नाव दिलंय. दात्याने गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं चालत नाही. सोमवारी तपासणीला ये.

वहिनीला कळू देऊ नकोस. तिच्या हातचं पाणीही पिणार नाही, असं बोलून बसलेय मी.

लोभ नंतर बघू. आधी वेळेवर ये.
तुझी धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

डॉक्टरीणबाईंसमोर मला गाढव म्हणालीस. तिथे बसलेले पेशंटही हसले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खातो, पण असा अपमान कुणी केला नव्हता.

रविवारी घसा खवखवत होता. आजारी माणसाला दाता म्हणून कोण घेईल, म्हणून डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्या. तुझ्यासाठीच घेतल्या ना? त्यानेच नापास होईन, हे मला काय ठाऊक! तू लिहिलं होतंस, असं म्हणू नकोस. औषधाचं नाव वेगळं होतं.

आणि बहीण म्हणून काय मागितलंस, तेही बघ. तरी मी निघालो होतो.

घरी मी चिडचिड केली आणि तुझ्या वहिनीने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. दाता रक्ताचाच लागतो का, एवढंच तिने विचारलं. नाही, म्हणालो. त्यावर पर्स उचलून बाहेर पडली.

राग ओसरला की लिही.
तुझा दादा

१९ जून

वन्संना,
स. न. वि. वि.

तुमच्या भावाला विचारून लिहीत नाही. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, पास झाले. शिंक आली की मी रुमाल घेते, गोळी नाही. त्यावरून तुम्ही दोघांनी मला अडाणी ठरवलं होतं, म्हणून मुद्दाम सांगते.

बाबांच्या मागे तो डबा मी फेकायला काढला, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून हिसकावलात. बाबांची आठवण फेकते, दगडाच्या काळजाची आहे, असं भरल्या घरात म्हणालात. पदराने पुसून तो परत कपाटात ठेवलात. मी त्या दिवसापासून गप्प राहिले. गप्प राहायला नको होतं, म्हणून तुमच्यापेक्षा मला माझाच जास्त राग येतोय.

काल सगळ्या गोळ्या औषधवाल्याकडे देऊन आले. डब्यात आता माझी बटणं आहेत. हिसकावून बघा.

माझ्या हातचं पाणी पिणार नाही म्हणाला होतात. नका पिऊ. गुरुवारी दवाखान्यात माझ्याकडून जे मिळेल, ते मात्र मुकाट्याने घ्यायचं. आभार मानायला तोंड उघडलंत, तर तशीच परत जाईन.

क्रेनवर परत चढलात की वरूनच मला फोन करा. मग हवा तेवढा अबोला धरा.

लोभ नसला तरी चालेल, प्रकृती असावी.
तुमची वहिनी